पदराच्या गाठीतली तांबडी माती

मी गाळातला एक कण बोलतोय. एकटा असलो तर तुम्हाला दिसणारही नाही, म्हणून मला कधी कुणी मोजलं नाही. त्याचा मला राग आहे, पण आज तक्रार करायला बसलेलो नाही. आज मला भीती वाटतेय.

लोहाऱ्याजवळच्या एका वस्तीखाली, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीत माझा जन्म. अंगावर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप, आणि तो भारी चिकट. पाण्यात विरघळून एखादा जड धातू आला की मी त्याला धरतो. तो साधा की किरणं फेकणारा, हे मी विचारत बसत नाही.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. वस्तीवरच्या हणमंतप्पांनी विहीर खोल नेली, सुरुंगानं आमचा थर फुटला आणि मी पाण्यात पडलो. आम्ही इतके बारीक की लवकर बुडत नाही, दिवसच्या दिवस तरंगत राहतो. पाणी तांबूस दिसायचं. मग हणमंतप्पांची कारभारीण शरणम्मा रांजणात तुरटी फिरवायची. तुरटी फिरली की आम्ही एकमेकांना बिलगायचो आणि अंगावरच्या धातूसकट तळाला बसायचो. वर निवळ पाणी उरायचं.

त्या सुमारास खनिजं शोधणारे वसंतराव जीपनं आले. त्यांच्याजवळ किरणं लागली की टिकटिकणारं यंत्र होतं. विहिरीतून काढलेल्या मातीपाशी ते जरा टिकटिकलं. "विहिरीचं पाणी या बाटलीत भरून ठेवा, आमचा माणूस नेईल," असं सांगून ते गेले. आता सरकारी साहेबाला गढूळ पाणी द्यायचं म्हणजे घराची अब्रूच गेली. शरणम्मानं बाटली भरली ती रांजणातल्या निवळ पाण्यानं.

महिन्यानं वसंतराव हसतच आले. "पाणी चांगलं आहे. खुशाल प्या."

मी तेव्हा कुठं होतो? शरणम्माची सून शिवगंगा, तिच्या पदराच्या गाठीत. तिला पाचवा महिना होता आणि मातीचे डोहाळे लागले होते. रांजणाच्या तळचा मऊ गाळ ती सुपावर वाळवायची आणि येता-जाता त्याच्या खापऱ्या तोंडात टाकायची. सासूचीही ना नव्हती.

शिवगंगा पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर आली आणि यंत्र टिकटिकू लागलं. ती जवळ आली तशी टिकटिक वाढली. वसंतरावांचं हसू मावळलं. त्यांनी तांब्या उचलून लांब अंगणात नेऊन ठेवला. टिकटिक थांबली नाही.

"बाई, तुमच्याजवळ काय आहे?"

तिनं सासूकडं पाहिलं आणि गाठ सोडली. यंत्राला दम खायला फुरसत उरली नाही.

"रांजणातली माती हाय साहेब," शरणम्मा म्हणाली. "पोरीला गोड लागती."

"आणि बाटलीत पाणी कुठलं भरलं होतं?"

"रांजणातलंच, तुरटी फिरवून. गढूळ पाणी तुमच्या हातात कसं द्यावं?"

वसंतराव कपाळाला हात लावून खाली बसले. "जे शोधत होतो ते या गाळाला चिकटून तळाला राहिलं. किती दिवस खाताय?"

"म्हैना झाला." शिवगंगेचा हात पोटावर गेला. "आत्याबाई, लेकराला काय व्हईल का वो?"

 उत्तर वसंतरावांनी दिलं, सावकाश. "मातीनं धातू घट्ट धरला असेल तर तिच्याबरोबर तो पोटातून निघून जाईल. पोटातल्या आंबटात सुटला, तर मला सांगता येत नाही. माती बंद, विहीर बंद. उद्या दवाखान्यात चला."

त्यांनी मला बाटलीत भरलं. आता मी एका कचेरीच्या फळीवर आहे, अंगावर चिठ्ठी आहे. शिवगंगेचं काय झालं ते मला कुणी सांगत नाही.

माझी कितीतरी भावंडं तिच्या पोटात गेली. त्यांना माझं एवढंच मागणं आहे. बाबांनो, आजवर दिसेल ते धरत आलात, तसंच तिथंही धरून ठेवा. बाहेर पडेपर्यंत सोडू नका.