बिनअंड्याचा केक

गोजरबाईनं आयुष्यात केक एकदाच पाह्यला होता, तोही जालन्यात, सुनेच्या माहेरी. आणि त्या दिवसापासून तो तिच्या डोक्यातून उतरायला तयार नव्हता. नातीच्या नामकरणाला शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाईंनी घरी केलेला केक आणला होता. सगळे खायला बसले, पण गोजरबाईनं आधी त्याला बोटानं दाबून पाह्यलं. बोट काढलं तशी ती खळी आपसूक वर आली, जणू काही झालंच नव्हतं.

"अगं माय! ह्यो तर जित्ता हाय!" ती ओरडली.

अख्खी चाळ हसली. हसू द्या. जिनं उभ्या जन्मात हजारो भाकरी थापल्या, तिला पिठाची जात चांगली ठाऊक होती. पीठ दाबलं की दबतं आणि दबलेलंच राहतं. हे पीठ उठत होतं. धावड्याला, आपल्या गावी, परतताना रस्ताभर ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती, आणि गोजरबाई गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय हे तिच्या मुलाला, भुजंगला, बराबर कळायचं.

शिजत होतं ते असं. नातीचा, सुजाताचा, पहिला वाढदिवस माघात येत होता. गोजरबाईनं जाहीर करून टाकलं की घरी केक करायचा आणि गिरिजाबाईला बोलावून खाऊ घालायचा.

"गिरिजाबाईला?" भुजंग शाळेतून येऊन सायकल लावत होता, ती तशीच धरून उभा राह्यला. "माय, ती येईल, दारात उभी राहील, आन् आत्ताच च्या पिऊन आले म्हणंल. इतकी वर्षं झाली, तुला कळंना का?"

कळत होतं हो. न कळायला काय झालं? गिरिजाबाई म्हणजे शेतमालक तातेरावांची बायको. गोजरबाई नवी नवरी होऊन गावात आली तेव्हापासून त्यांच्याच शेतात राबलेली, दोघी एका वयाच्या. ज्वारीच्या काढणीत भुजंगचा जन्म बांधावरच झाला, तेव्हा गिरिजाबाईनंच अंगावरची शाल सोडून आडोसा धरला होता. दुष्काळात दोघींनी मिळून खडी फोडली नसेल, पण गिरिजाबाईच्या घरातली ज्वारी गोजरबाईच्या चुलीपर्यंत पोचत राह्यली होती. माया होती, खोटं कशाला बोला. पण ती सगळी वरून खाली पडायची. सणाची पुरणपोळी पदरात वरून, पाणी ओंजळीत वरून. आता भुजंग मास्तर झाला, घरावर पत्रे आले, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, तरी गिरिजाबाई आली की उंबऱ्याबाहेरच. घोटभर पाणीसुद्धा न्हाई.

"आजवर मी घेतच आले," गोजरबाई म्हणाली. "मरायच्या आदी एकदा त्या बाईच्या तोंडात माझ्या घरचा घास पडावा. बास. मला दुसरं काही नको."

सायकल भिंतीला लावून भुजंग आत गेला.

पुढची अडचण सुनेनं, कौसल्यानं, काढली. ही पोर जालन्याची, नर्सबाईंच्या हाताखाली केक शिकलेली. मैदा, पिठीसाखर, डालडा सगळं तिनं तोंडपाठ सांगितलं आणि मग म्हणाली, "आन् अंडी."

"अंडी न्हाई चालायची. गिरिजावैनीच्या गळ्यात तुळशीची माळ हाय."

"आत्याबाई, अंड्यावाचून केक फुगत नसतो."

"भाकरीत कुठं अंडं असतं गं? फुगती का न्हाई?"

"भाकरी वेगळी!"

"मंग केकाला भाकरी शिकव," सासूनं फर्मावलं.

पहिला केक झाला तो बघून कौसल्याला रडू आलं. सरकीच्या पेंडीचा तुकडा त्यापुढं मऊ म्हणावा. दारातल्या शेळीला घातला तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. गोजरबाई मात्र पोट धरून हसली. दुसऱ्या खेपेला कौसल्यानं डोकं चालवलं. आंबट दह्यात खायचा सोडा टाकला. ते दही वाडग्यात फसफसून वर चढलं आणि दोघी सासू-सुना मागं सरकल्या. हा केक फुगला, पण खालून कोळसा आणि वरून कच्चा. चुलीचा जाळ त्याला सोसला न्हाई.

"आता तू बाजूला हो," गोजरबाई म्हणाली. "पिठाचं तुझ्याकडं, इस्तवाचं माझ्याकडं."

पूर्वी वस्तीत होणाऱ्या देवाच्या जेवणावळींना गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांत, रोडगे भाजण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कणकेचा एवढा मोठा गोळा, आतपर्यंत शिजायचा, पण कुठं करपायचा न्हाई. तिनं नदीची वाळू आणून धुतली, वाळवली, चाळली. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात ती पसरली, वर वाटी पालथी घातली, वाटीवर केकाचा डबा. जाळ बिलकुल न्हाई, नुसता गोवऱ्यांचा आर, खाली आणि झाकणावर.

तारीख भुजंगनं काढली. पोरगी सरकारी दवाखान्यात झालेली, त्यामुळं तारीख पक्की होती, यंदा ती मंगळवारी येत होती. भिंतीवर बियाणाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर त्यानं मंगळवारला पेन्सिलीनं गोल केला. त्या चौकटीत खाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी छापलेलं होतं. ते वाचायची सवयच त्या घरातून कधीची गेली होती. गोजरबाईला वाचता येत नव्हतं आणि भुजंगला त्याची गरज वाटत नव्हती. बाजारात गिरिजाबाई भेटली तेव्हा गोजरबाईनं गर्दीतच निमंत्रण दिलं, "वैनी, मंगळवारी नातीचा वाढदिवस हाय. तुमच्यासाठी बिनअंड्याचा केक करून राह्यले. या बरं." आणि गिरिजाबाई चक्क म्हणाली, "येते की."

येते की! गोजरबाई बाजारातून घरी चालत आली की उडत आली, तिचं तिला ठाऊक.

मंगळवारी दुपारी डबा आरावर चढला. कौसल्याला राखणीला बसवून गोजरबाई आठवण करायला तातेरावांच्या घरी गेली. अंगणात त्यांची सून शिवकन्या सुपात भगर निवडत बसली होती. चुलीवर रताळी उकडत होती.

गोजरबाईचे पाय तिथंच थबकले. "भगर कशाला गं आज?"

"एकादशी न्हाई का, मावशी," शिवकन्या म्हणाली. "सासूबाई देवळात गेल्यात. त्या तर आज पाण्याशिवाय काही घेत न्हाईत."

झालं! एवढी धडपड कशासाठी केली आणि झालं काय! गोजरबाई पावलं ओढत परत निघाली. एकेकाळी याच अंगणात झाडलोट करताना गावातली प्रत्येक एकादशी तिला पाठ असायची. ते सगळं सोडलं, बरं झालं सोडलं, पण सोडताना दुसऱ्याचा उपासही आपण विसरलो की काय? आणि त्याहून वाईट एक विचार मागून आला. वैनीला तर तिथी ठाऊक होती. म्हणूनच तर ती इतक्या सहज येते की म्हणाली नसेल? न खायला आयतं कारण मिळालं, आणि शब्दही राह्यला.

घरात पाऊल टाकलं तर कौसल्या ओरडलीच, "आत्याबाई, जल्दी या!"

झाकण निघालं. केक डब्याच्या काठाच्या वर आला होता, मधोमध उकललेला, खरपूस तांबूस, आणि वेलदोड्याचा वास घरभर. अंडं न्हाई, भट्टी न्हाई, नदीची वाळू आणि गोवऱ्यांचा आर. गोजरबाई उकिडवी बसून नुसती बघत राह्यली. मघाचं दुःख तिच्या छातीत तसंच होतं आणि त्यावर हे नवल येऊन बसलं होतं. तिनं हळूच बोट टेकवलं. दाबलं, काढलं. केक उठला.

"उठला गं," ती कौसल्याला म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी शेजारपाजार जमला. कौसल्या म्हणाली, जालन्याला केकावर मेणबत्ती लावून फुंकतात. गोजरबाई कडाडली, "वंदनेला लावायची मेणबत्ती आपण फुंकून इझवायची? बरी हाय तुमची जालन्याची तऱ्हा!" मग मेणबत्ती तसबिरीपुढं लागली, त्रिशरण झालं, आणि सुजातानं सुरीऐवजी आख्खी मूठच केकात घातली. लोक एकेक तुकडा तळहातावर घेऊन बघत होते. म्हातारा कडूबा तर म्हणाला, "गोजरे, हे खायचं का ठेवून द्यायचं?"

तेवढ्यात दारात गिरिजाबाई उभी. हातात बाळासाठी खणाचं कुंची-झबलं. उंबऱ्याबाहेरच.

"गोजरे, आज एकादशी गं."

"ठाऊक हाय, वैनी. मला उशिरा कळलं."

गिरिजाबाईनं केकाकडं मान वाकवून पाह्यलं. "एवढं कसं काय फुगवलंस गं बाई?" मग म्हणाली, "माझा वाटा ठेव." आणि गेली.

"ठेव म्हणाली म्हणजे संपलं," भुजंग दातओठ खात म्हणाला. "लगीनघरी लोक असंच म्हणत असतात. वाटून टाक पोरांना, माय."

गोजरबाईलाही तसंच वाटलं होतं. पण हात ऐकेना. तिनं मधला, सगळ्यांत उंच तुकडा ताटलीत काढला, वर ओलं फडकं टाकलं आणि पितळी थाळी पालथी घातली. पोरं मागायला आली तर डोळे वटारले. उद्या दुपारपर्यंत ठेवू, ती मनाशी म्हणाली, मग शेळीला घालू, पण आपल्या शब्दात कमी नको.

सकाळी ती अंगण झाडत होती. गिरिजाबाई येताना दिसली. नुकतीच न्हालेली, केस ओले, मुठीत काहीतरी मिटलेलं. नेहमीसारखी ती उंबऱ्यापाशी येऊन थांबली. गोजरबाईनं सवयीनं झाडू बाजूला ठेवला आणि बोलायला बाहेरच उभी राह्यली.

"सरक की," गिरिजाबाई म्हणाली. "आत कशी येऊ?"

गोजरबाई सरकली. कशी सरकली तिला सांगता यायचं न्हाई. गिरिजाबाई आत आली, चुलीजवळ पोत्यावर मांडी घालून बसली, आणि चूल फुंकणाऱ्या कौसल्याची फुंकणी हातातच राह्यली.

"माझा वाटा आण. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही न्हाई. आज बारस, उपास सोडायचाय."

गोजरबाईनं पितळी उचलली. केक अजून मऊ होता. गिरिजाबाईनं मूठ उघडली, आत तुळशीचं पान होतं. ते तिनं केकाच्या तुकड्यावर ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. देवापुढच्या नैवेद्यावर ठेवतात तसं, तेच पान, तसंच. आपण केलेल्या वस्तूवर कुणी तुळस ठेवील हे गोजरबाईला सपनातसुद्धा दिसलं नव्हतं, आणि तिला आता ते हवंही नव्हतं म्हणा, तिचा देव-धर्म वेगळा झाला होता. पण त्या बाईजवळ याहून मोठं द्यायला काय होतं? होतं नव्हतं ते तिनं त्या तुकड्यावर ठेवलं होतं.

"वैनी," गोजरबाई म्हणाली, "यात अंडं न्हाई बरं का. आईची आन."

"म्या इचारलं का?" गिरिजाबाईनं घास मोडला. "तू माझ्या माळेला बाट लावशील व्हय?"

तिनं खाल्लं. शेवटच्या कणापर्यंत, बोटानं ताटली टिपून खाल्लं. मग पाणी मागितलं. गोजरबाईनं तांब्या भरला, आणि इतक्या वर्षांची सवय, वरून ओतायला हात उचलला. गिरिजाबाईनं ओंजळ केलीच न्हाई. हात पुढं करून तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.

गल्लीतून शिवकन्येची हाक आली. "सासूबाई! कुठं हाव? पारण्याचं ताट वाढलंय, सगळे खोळंबलेत!"

गिरिजाबाई उठली, उंबऱ्यावर आली, एक पाय आत, एक बाहेर, आणि पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या! माझा उपास गोजरीच्या घरी सुटला!"

गल्लीतली दारं उघडली. भुजंग दाढी अर्धी टाकून बाहेर आला. आत गोजरबाई रिकामी ताटली छातीशी धरून भुईवर बसली होती, आणि रांगत आलेली सुजाता तिच्या ताटलीतले नसलेले कण शोधत होती.