मैनाचं पुढं काय झालं

जाईबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला आणि लिहायला घेतलं. एक ओळही उतरली नाही.

बावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवलेल्या हाताची ही खोडच होती. शब्द तोंडातून मोठ्यानं निघाल्याशिवाय कागदावर जात नसे. बार्शीटाकळीजवळच्या गावी, शेताच्या धुऱ्यावर एकटं बसून पहिलं पुस्तक त्यांनी असंच लिहिलं. गावातली मैना विहिरीत पाय घसरून पडली नव्हती, एवढंच त्यात होतं. ढकलणाऱ्याचं नाव नव्हतं. तरी घरावर दगड आले. नातीनं, दीक्षानं, त्यांना अमरावतीत खोली करून दिली आणि बजावलं, "आजी, इथं कोणाले काई सांगू नको."

त्यांनी सांगितलं नाही. पण दुसरं पुस्तक लिहिताना आठ महिने त्या बोलत होत्या. तीन दिवसांपूर्वी शेजारी कोणी खोकलं ते स्पष्ट ऐकू आलं, तेव्हा कुठं त्यांना भिंत केवढी पातळ आहे ते कळलं.

दारावर थाप पडली.

"मावशी, मी हलीमाबी, बाजूची. उघडा ना."

जाईबाईंनी कडी सरकवली.

"तीन दिस झाले, आवाज नाही. बिमार हा का?"

"आवाज कायचा?"

"अवो, मैनाचा! विहिरीपाशी नेऊन सोडली तुमी तिले. इकडे भाकर करपून गेली माही!"

जाईबाईंना हसू आलं नाही. "कोणाले सांगितलं?"

"कोणाले सांगू? बहिणीले फक्त, फोनवर. बार्शीटाकळीले दिली हाय ती. म्हणे, ही तं आमच्या इकडचीच गोष्ट. घरातल्या साऱ्या बाया जमा होऊन ऐकतात."

"मी कोठी राहते, ते इचारलं तिनं?"

"इचारलं ना. सांगितलं, आमच्या बाजूलेच." हलीमाबीचा चेहरा उतरला. "काहून मावशी? चुकलं का?"

जाईबाईंनी दार लोटून घेतलं. पिशवीत दोन लुगडी कोंबली. अकोल्याला भावाकडं जावं, तर तिथून गाव अर्ध्या तासावर. वही हातात घेऊन त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

पलीकडं स्टूल सरकलं, थेट भिंतीला लागलं. हलीमाबी ऐकायला बसली होती.

त्या खाली बसल्या. त्यांनी मैनाला ढकलणाऱ्या माणसाचं नाव उच्चारलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग लिहिलं.