परांचीवरचे मामा

"काम सुरू झालंय का?" विमा कार्यालयातल्या बाईंनी फोनवर विचारलं, आणि नेमका त्याच वेळी आतल्या भिंतीवर घणाचा पहिला घाव बसला.

तिनं फोनवर तळहात दाबून धरला. पण तो आवाज तळहातानं थोपण्यासारखा नव्हता. दुसरा घाव बसला, तिसरा बसला, आणि दारातून पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर आला. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर प्रश्न तिथंच मिटला असता.

"हो," ती म्हणाली. "आत्ताच."

"मग आधी थांबवा. तुमचा विमा आहे, पण तो राहत्या घराचा. भिंत पाडताना काही झालं, शेजारच्यांच्या भिंतीला तडा गेला, कुणी पडलं, तर त्यातलं काहीच यात येत नाही. त्याला वेगळं कव्हर लागतं. अर्ज पाठवते. आज भरलात तर उद्या सकाळपासून लागू होईल. भिंतीचे फोटो जोडा. आणि काम करणारे किती जण, त्यांची नावं, वयं."

कालपासून तिच्या जिवाला चैन नव्हती. दिरानं फोनवर सहज विचारलं होतं, "वहिनी, विमावाल्यांना कळवलंस ना?" नवरा हसून म्हणाला होता, त्याला सवयच आहे भीती घालायची, आणि सकाळी कामावर निघून गेला होता. सासूबाईंना नणंदेकडे पोचवलं होतं, स्वयंपाकघर खोक्यांत भरून झालं होतं, त्यामुळे हातांनाही काही काम नव्हतं. तीन वेळा कपाट उघडून तिनं पॉलिसी काढली, उभ्यानंच वाचली आणि परत ठेवली. चौथ्या वेळी फोन लावला.

ती आत गेली.

"थांबा. सगळे थांबा."

कंत्राटदारानं नाकावरचा रुमाल खाली ओढला. "काय झालं, ताई?"

"विम्याचं राहिलंय. किती माणसं आहेत तुमची?"

"अहो, भिंत पाडतोय, डोंगर नाही! तीन आहेत. तिघांचाही विमा आहे माझ्याकडे." त्यानं मोबाइलवर कागद दाखवला. खरंच तीन नावं होती.

तिनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर चपलांचे चार जोड होते. कंत्राटदाराचे बूट तर त्याच्या पायांतच होते. मग तिनं वर पाहिलं. परांचीवर, छताला डोकं लागेल इतक्या उंचीवर, सगळे ज्यांना मामा म्हणत ते गवंडी उभे होते. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. एका हातानं त्यांनी परांचीचा पाइप घट्ट धरला होता.

"यात मामांचं नाव कुठंय?"

कंत्राटदारानं मान खाजवली. "मामांचं वय जरा... कशाला उगाच चौकश्या मागे लावून घ्या? पण हात बघा त्यांचा. बीमला टेकू द्यायचा म्हटलं की मामाच लागतात."

"मामा, खाली या."

"ताई, अहो..."

"खाली या म्हटलं ना!"

आवाज तिच्याही अपेक्षेपेक्षा वर गेला. मामा एकेक आडवा पाइप पायानं चाचपत उतरले. थापी आणि ओळंबा फडक्यात गुंडाळला, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडले.

ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली. आपण एका माणसाच्या पोटावर पाय दिला, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग ती जवळजवळ पळतच फाटकाशी गेली.

"मामा, रागावू नका हो. मी नुसतं..."

"बरं केलंत," मामा म्हणाले.

"काय?"

त्यांनी आधी घराकडे पाहून घेतलं. "दोन महिने झाले. वर चढलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आज तर पाइप सोडवतच नव्हता."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"सांगितलं की घरी बसवणार. उंचावरचं काम करतो म्हणून तर अजून बोलावणं येतं. खाली काम करायला माणसं पुष्कळ."

ती फाटकाची कडी उगाचच वरखाली करत राहिली. "लाद्या बसवता येतात तुम्हाला?"

"येतात का म्हणजे?" सकाळपासून पहिल्यांदाच मामांना काहीतरी झोंबलं.

तिनं तिथूनच पुन्हा फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा धरला.

"वयाची अट आहे का हो?"

"नाही. खरं वय लिहा, म्हणजे झालं."

"आणि वर, परांचीवर?"

"त्यालाही आमची ना नाही. यादीत नाव मात्र हवं."

फोन ठेवून तिनं विचारलं, "वय काय लिहू, मामा?"

"खरं, की नेहमीचं?"

"खरं."

"एकोणसत्तर," ते म्हणाले. "नेहमीचं अठ्ठावन्न आहे."

तिनं दुपारपर्यंत अर्ज भरला, फोटो काढले, ते पुसट आले म्हणून पुन्हा काढले. मंजुरीचा निरोप येईपर्यंत ती रिकाम्या घरात नुसती येरझाऱ्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कंत्राटदाराच्या हातात यादी ठेवली. चार नावं होती.

"मामांना मी घेतलंय. पण त्यांना वर चढवायचं नाही. लाद्या आणि खालचं सगळं त्यांच्याकडे. टेकूसाठी बाकीच्या तिघांपैकी कुणाला तरी चढवा, मामा खालून सांगतील."

"असं का?"

"साठीच्या पुढचा माणूस परांचीवर दिसला तर कव्हर रद्द. नियम आहे त्यांचा." हे म्हणताना ती कुठंही अडखळली नाही.

कंत्राटदार भडकला. "या विमावाल्यांना काय कळतंय, ताई! चाळीस वर्षं जो माणूस वर काम करतोय, त्याला हे खुर्चीत बसून खाली उतरवणार!"

"हो ना," ती म्हणाली.

"मामा, ऐकलंत का?"

मामा जमिनीवर उकिडवे बसून लाद्यांसाठी दोरी ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलं," ते म्हणाले. "आता नियमच आहे म्हटल्यावर काय करणार?"