कंबर एकतीस

“कंबर एकतीस! लिही गं, बघत काय बसलीस?”

आवाज ओळखीचा वाटला, म्हणून आजीने शिवणयंत्र थांबवलं. दुकानाच्या पायरीवर तीन शाळकरी मुली मोबाइलवर डोकी जोडून खिदळत होत्या, आणि मोबाइलमधून खुद्द आजीच बोलत होती.

चाळीस वर्षं ती शाळेचे गणवेश शिवत होती. माप घ्यायचं ते खणखणीत ओरडून आणि नातीने ते वहीत लिहायचं, हा दुकानाचा शिरस्ता. गेल्या महिन्यात अख्ख्या वर्गासमोर तिने नातीचंही माप तसंच घेतलं होतं. घरची म्हणून काय कुजबुजायचं? अकरा वर्षांची पोर, स्वतःची कंबर स्वतःच लिहीत उभी. रांगेतल्या कुणीतरी नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं.

“आजी, तुमचा साउंड ट्रेंडिंगला आहे! सगळ्या त्याच्यावर रील करतायत,” म्हणत एकीने गाल फुगवून दाखवले.

“निघता, का तिघींच्या झिपऱ्या एका दोऱ्यात ओवू?”

मुली पळाल्या. आत नात बटणं लावत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“त्या व्हिडिओखाली काय लिहिलंय गं त्या बयांनी?”

“मिड. आधी ग्लो-अप कर म्हणे.”

“माणसाच्या भाषेत सांग.”

“मिड म्हणजे... असली काय, नसली काय, सारखीच. आणि ग्लो-अप म्हणजे आधी बारीक हो, छान दिस.”

आजीच्या जिभेवर शिव्यांचा गठ्ठा आला. पण घालायच्या कुणाला? आवाज तर तिचाच.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू म्हणाली असतीस, त्यात लाजायचं काय!”

म्हणालीच असती.

त्यानंतर आजी प्रत्येक मुलीचं माप तिच्या कानाशी सांगू लागली. नातीचा डबा मात्र भरलेलाच परत येत राहिला. आजी रागावली, भरवायला बसली, जन्मात कुणाची केली नव्हती ती गयावया केली. “भूक नाही,” एवढंच उत्तर. स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला, तरी ती टेप अंगाला लावू देईना.

एका दुपारी नात कापडाच्या ढिगावर झोपलेली दिसली. आजीने हळूच तिच्या कमरेखालून टेप सरकवली आणि पोटावर आणून जुळवली.

सव्वीस.

सवयीने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमधून आजी ओरडली, “कंबर एकतीस!”

नातीने झोपेतच पोट आत ओढून घेतलं. आजीच्या हातातली टेप सैल पडली.