आईला विचार

सावळीरामनं नारळ खंडेरावांच्या हातात परत ठेवला आणि दोन्ही हात धोतराला पुसले, जसा काही नारळ नव्हे तर भट्टीतला निखाराच त्याच्या हातात आला होता.

"फोड की," खंडेराव म्हणाले. "नव्या भट्टीची पूजा आहे. तुझ्या हातानं व्हावी म्हणून तर मुद्दाम बोलावणं धाडलं."

"माझ्या हातानं नको, मालक."

"का? हाताला काय झालंय?"

हाताला काय झालंय ते सगळ्या तांबट आळीला ठाऊक होतं, म्हणून तर कारखान्यातली माणसं खाली माना घालून हसत होती. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं नारळ फोडू नये, दाढी करू नये, तिरडीला खांदा देऊ नये, असं म्हातारी माणसं सांगतात. बाकीचे नवरे त्यातलं एखाददुसरं पाळतात आणि उरलेलं सोयीनं विसरतात. सावळीराम सगळं पाळत होता, आणि वर पदरचं घालत होता. त्याची दाढी छातीवर टेकायला आली होती. शेजारचे काका वारले तेव्हा तो खांद्याला गेला नाही, आणि त्यांच्या मुलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ग्रहणात कापू नये म्हणतात, तर पोटुशीच्या नवऱ्यानं कधीच काही कापू नये, असं त्यानं आपलं आपणच ठरवलं होतं. तांबट माणूस, आणि पत्र्याला कात्री लावायची नाही! नुसतं ठोकायचं.

"अरे, दिवस नक्की कुणाला गेलेत?" मागून कुणीतरी विचारलं. "वहिनींना की तुला?"

सावळीरामसुद्धा हसला असता. पूर्वीचा सावळीराम. खंडेरावांनी शेवटी नारळ स्वतःच फोडला, खोबरं वाटलं, आणि माणसं आपापल्या ऐरणीशी बसली. सावळीरामही बसला. घरी जायला हवं होतं, बायकोचे दिवस भरत आले होते. पण आलाच आहेस तर एवढा हंडा पुरा करून जा, असं मालक म्हणाले आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

त्यानं हातोडी उचलली. पहिला ठोका पडला, दुसरा पडला, आणि ते सुरू झालं. शेजाऱ्यांना तो नुसता ठणठणाट ऐकू यायचा. सावळीरामला गेली तीन वर्षं प्रत्येक ठोक्यात शब्द ऐकू येत होते. काय सांगू. काय सांगू. काय सांगू.

तीन वर्षांपूर्वी तो याच जागी बसला होता. घर पंचवटीत, कारखाना गंगेच्या अलीकडे, मधे पूल. चिमणाला, त्याच्या पहिल्या बायकोला, माहेरचा मुऱ्हाळी न्यायला येण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. दुपारी इब्राहिम टांगेवाला धापा टाकत कारखान्याच्या दाराशी आला. म्हणाला, सुईण म्हणते आपल्याच्यानं होत नाही, दवाखान्यात न्यायला पाहिजे, मी टांगा तुमच्या दाराशी लावलाय. मग त्यानं विचारलं होतं, "काय सांगू?"

आणि सावळीराम म्हणाला होता, "आईला विचार."

हातोडी खाली ठेवून म्हणाला होता असंही नाही. ठोकता ठोकता म्हणाला. बायकांचं बायका बघतात, त्यात पुरुषानं काय बोलायचं! दिवेलागणीच्या आत चिमणा गेली, पोटातल्या जिवासकट.

तेव्हापासून तो इब्राहिमच्या टांग्यात कधी बसला नव्हता. पुलावर तो टांगा समोरून आला की सावळीराम कठड्याकडे तोंड करून पाणी बघत उभा राहायचा.

हंडा निम्मा झाला असेल नसेल, तेवढ्यात त्याच्या ऐरणीवर सावली पडली. त्यानं मान वर केली. दारात इब्राहिम उभा होता. दाढी पांढरी झाली होती, बाकी तोच, तिथंच.

सावळीरामच्या हातातली हातोडी वरच राहिली.

"भाभीला कळा सुरू झाल्यात," इब्राहिम म्हणाला. "सकाळीच, तुम्ही निघाल्यावर. सुईण नवसाबाई आल्यात." आणि तो थांबला. नुसता बघत राहिला. ते बघणं सावळीरामला सोसेना.

"टांगा हाय. चला," इब्राहिम म्हणाला.

सावळीराम निघाला, पण टांग्यात बसला नाही. पुलावरून तो जवळजवळ धावत चालला होता, अनवाणी, आणि मागून इब्राहिम घोड्याला आवरत रिकामा टांगा त्याच्या पावलानं आणत होता. भाजीवाल्या पाट्या सावरून वळून वळून बघत होत्या. खाली घाटावर कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. सावळीरामनं तिकडे बघितलं नाही. तेही त्याच्या पाळायच्या गोष्टींतलंच होतं.

घरी सगळं उघडं होतं. ट्रंक उघडी, फडताळ उघडं, कडीची कुलपं काढून खिडकीत ठेवलेली, दोरीवरच्या चोळ्यांच्या गाठीसुद्धा सोडलेल्या. अडलेली बाई सुटावी म्हणून घरातलं काही बंद ठेवत नाहीत. एकच दार बंद होतं, आतल्या खोलीचं. सावळीराम ओट्यावर टेकला. त्याची आई, सगुणाबाई, उंबऱ्यात बसून जपमाळ ओढत होती. तिनं त्याला खुणेनंच सांगितलं, बस तिथं, आत यायचं नाही.

आत सिंधू होती. दुसरेपणावर दिलेली. तिला आई नव्हती, मामानं लग्न लावून दिलेलं, म्हणून बाळंतपण सासरीच. लग्नाच्या दिवशी सगुणाबाईनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला होता. नखाएवढा, त्यावर हात जोडलेली बाई ठसवलेली. ती चिमणा. मेलेल्या सवतीला असं गळ्यात घेऊन वावरायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, गोडाचा पहिला घास तिच्यापुढं धरायचा, म्हणजे ती धाकटीच्या संसारावर रुसत नाही. टाक उलटा होऊन छातीकडे तोंड करून बसला की सगुणाबाई म्हणायची, बाई रागावली. सावळीराम मग दिवसभर जेवायचा नाही.

सिंधूला मात्र त्या टाकाचं भय वाटत नसे. घरात तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती त्याच्याशीच बोलायची. भाकऱ्या थापताना, केर काढताना, हळू आवाजात, थोरल्या जावेशी बोलावं तसं. ताई, आज मीठ जास्त पडलं. ताई, हा पायात गोळा येतो तो तुम्हालाही यायचा का? सावळीराम बाहेर ऐकायचा आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. सिंधूकडे बघताना त्याची नजर तिच्या गळ्याशीच अडकायची, वर तिच्या तोंडापर्यंत जायचीच नाही. पाचव्या महिन्यात एकदा तीच म्हणाली होती, "दाढी बघून वाटतं, घरात गोसावी उतरलाय. एवढं सगळं पाळताय, मग एकदा माझ्याकडं बघायचं पण पाळा की." त्यानं मान खाली घातली होती आणि दुसऱ्या दिवसापासून चपला घालणंही सोडलं होतं.

आतलं दार उघडलं. नवसाबाई सुईण बाहेर आली, हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. ती सगुणाबाईला म्हणाली की पोर आडवं आहे, तिच्यानं फिरत नाही, आणि बाई थकत चालली आहे. गंगेपलीकडच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीण आहे, न्यायची तर आत्ताच.

सगुणाबाई घाबरली होती, पण तिची भीती नेहमी रागाच्या वाटेनं बाहेर यायची. ती म्हणाली की या घरातली बाई दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तिची स्वतःची सहा पोरं याच खोलीत झाली. भरल्या दिवसांच्या बाईनं गंगा ओलांडायची नसते. आणि टाक सकाळपासून उलटा आहे, तेव्हा ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात आहे.

नवसाबाईनं ओट्याकडे बघितलं. रस्त्यावर इब्राहिम घोड्याचा पट्टा सारखा करत होता, नीटच असलेला पट्टा. त्यानंही बघितलं. यावेळी कुणी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा विचारून झालं होतं.

आतून सिंधूचा आवाज आला. ओरडणं नव्हतंच ते. दम लागलेला, तुटक, पण बोलणंच.

"ताई... बघताय ना. हे गप्पच बसलेत."

सावळीराम भिंतीला धरून उठला.

"इब्राहिमभाई, टांगा दाराशी घ्या."

"सावळ्या," सगुणाबाई म्हणाली, "मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई. मी विचारलं नव्हतं."

तो आतल्या खोलीत गेला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष! नवसाबाईसुद्धा क्षणभर बाजूला व्हायची विसरली. त्यानं सिंधूला घोंगडीसकट उचललं. टाक खरोखरच उलटा झाला होता, घामानं छातीला चिकटला होता. त्याला तो दिसला, आणि मग, पहिल्यांदाच, त्याची नजर तिथून वर गेली. एवढीशी हनुवटी, कोरडे ओठ, आणि डोळे उघडे, त्याच्यावरच रोखलेले. उण्यापुऱ्या दोन वर्षांच्या संसारात हे तोंड त्यानं धड बघितलं नव्हतं.

टांगा पुलावर आला. इब्राहिम घोड्याला शिव्या देत नव्हता, चुचकारत होता, चाक खड्ड्यात जाऊ नये म्हणून मान काढून रस्ता बघत होता. नवसाबाई पुढं बसली होती. मागं सावळीराम, आणि त्याच्या मांडीवर सिंधूचं डोकं. माणसं बघत होती. बघू देत.

"मी त्या दिवशी," सावळीराम म्हणाला. "त्या दिवशी मी इब्राहिमला..."

"ठाऊक आहे."

"कोण बोललं?"

सिंधूला कळ आली. तिनं त्याचं मनगट आवळलं, कळ ओसरेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाली, "सासूबाई. लग्नानंतर आठ दिवसांतच. कौतुकानं सांगितलं. माझा सावळीराम माझ्या शब्दाबाहेर नाही म्हणून."

इब्राहिमचा चाबूक हवेतच राहिला. मग त्यानं तो खाली ठेवून दिला.

दवाखान्यात दोन बायकांनी सिंधूला आत नेलं. सुइणींना तिथं बोलणी बसतात म्हणून नवसाबाई फाटकाबाहेर इब्राहिमपाशीच थांबली. लांबलचक व्हरांड्यात सावळीराम एकटा उरला. तिथं आतलं सगळं ऐकू यायचं. भांड्यांचा आवाज, पावलं, डॉक्टरीणबाईंचं भरभर बोलणं. सिंधूचा आवाज तेवढा येत नव्हता, आणि जसजसा तो येईनासा झाला तसतसा सावळीराम दाराच्या जवळ जवळ सरकत गेला.

दार किलकिलं झालं. पांढरं लुगडं नेसलेली नर्सबाई होती.

"नाव काय हो त्यांचं? शुद्ध जातेय, हाका मारून जागं ठेवायला पाहिजे."

बायकोचं नाव परक्या माणसापुढं त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. अगं, ऐकलंस का, यावरच दोन्ही संसार झाले होते. जिभेवर काय होतं, किती दिवसांपासून होतं, कुणास ठाऊक. तो म्हणाला, "चिमणा."

दार लागलं, आणि मग त्याला कळलं.

तो दाराशी गेला. ठोठावायला हात वर केला. मेलेल्या बाईचं नाव मरणाच्या दारातल्या बाईला दिलं त्यानं, स्वतःच्या तोंडानं! एवढं पाळलं, एवढं जपलं, आणि शेवटी तीच आत गेली, त्यानंच नेली.

"चिमणाबाई," आतून नर्सबाईची हाक आली. "अहो चिमणाबाई, डोळे उघडा. चिमणाबाई."

तीन वर्षांत ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. व्हरांड्याच्या भिंतींना ते लागून परत येत होतं. सावळीरामचा हात दारापाशीच थिजला.

"चिमणाबाई."

"ओ," सिंधू म्हणाली.

नर्सबाईनं पुन्हा हाक मारली, सिंधूनं पुन्हा ओ दिली. कितीदा, ते त्यानं मोजलं नाही. हाक यायची, मग जीव टांगणीला लागेल एवढी शांतता, मग ओ. कधी दमदार, कधी नुसता श्वास. सावळीराम दाराला टेकून खाली बसला होता आणि प्रत्येक ओबरोबर त्याची पाठ थोडी थोडी सैल होत होती.

मग हाका थांबल्या. मग तान्ह्याचं रडणं आलं, बारीक, चिडखोर.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. नर्सबाईच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. मुलगी झाली म्हणाली. पोर आडवं होतं, डॉक्टरीणबाईंनी फिरवलं. अजून थोडा उशीर केला असतात तर कठीण होतं.

"तुमच्या चिमणाबाई वाचल्या हो," ती म्हणाली. "धीराच्या आहेत. प्रत्येक हाकेला ओ देत होत्या."

सावळीराम उठून उभा राहिला. "बाई, ते नाव..." तो म्हणाला. "मी मघाशी चुकून..."

दार अर्धं उघडंच होतं. आतून सिंधूचा आवाज आला, दमलेला, पण स्वच्छ.

"असू द्या."