दार उघडायची वेळ

खट्.

दुपारच्या निपचित घरात बॅटरीचं बटण वाजलं आणि फरशीवर उजेडाचा एक गोल पडला. गोलात आधी माझ्या मुलीची, भिंगरीची, पावलं आली आणि मागोमाग आईची. पडदे ओढून आम्ही बाहेरच्या खोलीत जमेल तेवढा काळोख केला होता.

"तिकीट," आई म्हणाली.

भिंगरीने रंगीत कागदाचं तिकीट पुढे केलं. आईने ते मधोमध फाडलं, अर्धं तिच्या हातात परत ठेवलं आणि उजेड सोफ्याच्या टोकाकडे वळवला.

"पायरी सांभाळून."

पायरी नव्हतीच. तरी भिंगरीने पाय उचलून टाकला. सोफ्यावर मी आधीपासून बसले होते. मांडीवरचं बाळ नुकतंच, बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर झोपलं होतं. माझं तिकीट आईने मागितलं नाही. स्टाफच्या माणसांना तिकीट लागत नाही, हे तिने भिंगरीला समजावून सांगितलं.

आई थेटरात बॅटरीवाली होती. राखाडी कोट घालून उशिरा आलेल्यांना अंधारात जागा दाखवायची. उजेड पावलांवर टाकायचा, तोंडावर कधीच नाही. तोंडावर टाकला की माणूस ओशाळतो, असं तिचं म्हणणं. पुढे ते थेटर बंद पडलं आणि तिथे गाद्यांचं दुकान आलं. आई म्हणते, काही बदललं नाही, लोक तेव्हाही तिथे झोपायलाच यायचे.

शाळा सुटली की मी तिथे. शेवटच्या रांगेच्या टोकाला, तिच्या स्टुलाला खेटून. भिंगरीएवढी होते तेव्हाच बाबा घर सोडून गेले होते. कुठे, ते कुणी मला सांगितलं नाही, आणि आईकडे बघून विचारायची छाती झाली नाही. नातेवाईक यायचे, हळू आवाजात बोलायचे, मी आत गेले की गप्प व्हायचे. थेटर त्यापेक्षा बरं होतं. तिथे बोलणारे मोठ्याने बोलत.

सुट्टी लागली की दर वर्षी तिथे एकच सिनेमा लागायचा, आकाशात चढत जाणाऱ्या नदीचा. एक नावाडी त्या नदीने वर जातो तो परत येत नाही. त्याची मुलं, एक भाऊ आणि एक बहीण, होडी घेऊन त्याला शोधायला निघतात. सोबत एक बोलणारं बदक. त्याला सदा थंडी वाजत असते आणि ते सगळ्यांना नावं ठेवत असतं. मी त्या बदकासाठी जीव टाकायचे. पण सिनेमाचा शेवट मी कधी पाहिला नाही. मुलं ढगांच्या गावात पोचली की आई खांद्यावर टिचकी मारायची, "चल, दार उघडायची वेळ झाली." मी जड पडदा बाजूला धरायचे, ती कडी काढायची. शेवट मला घरी जाताना रस्त्यात आईकडून मिळायचा, आणि दर वेळी नवा. कधी बदकाला लोकरीचा स्वेटर मिळायचा, कधी ते होडीचं कप्तान व्हायचं, तर कधी त्याचं एका फार शिकलेल्या बदकिणीशी लग्न ठरायचं आणि ऐन वेळी मोडायचं. मी हसून हसून रस्त्यातच बसायचे. नावाड्याचं काय झालं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

परवा टीव्हीवर चाळता चाळता तो सिनेमा सापडला. आईला सांगितलं तर म्हणाली, कशाला तो जुनापुराणा, पोरगी घाबरेल. पण भिंगरीने तिकिटं कापायला घेतली होती, आणि नातीपुढे आईचं काही चालत नाही.

सिनेमा सुरू झाला. आता बघताना होडीला बांधलेल्या तारा स्पष्ट दिसत होत्या. ढग कापसाचे होते, तेही जरा मळलेले. भिंगरीने तर पहिल्या झटक्यात पकडलं, "आजी, बदकाला माणसाची बोटं आहेत."

"हातमोजे आहेत ते. थंडी वाजते ना त्याला," आई म्हणाली. पडद्याकडे तिची पाठ होती. स्टूल आमच्याकडे तोंड करून ठेवलं होतं तिने. सवयच ती. सिनेमा चालू असताना ती माणसं बघते.

होडी ढगांच्या गावाला लागली आणि आई गुडघ्यांवर हात देत उठली. गॅलरीचं दार उघडलं. ऊन थेट टीव्हीवर आलं आणि चित्र पुसल्यासारखं झालं.

"चल गं भिंगरे, पडदा धर. दार उघडायची वेळ झाली."

भिंगरी उडी मारून उठली. गंमत म्हणजे मीही उठायला लागले, अंगवळणी पडल्यासारखी. बाळ कुरकुरलं म्हणून तेवढी परत टेकले. आणि बसल्या बसल्या आठवत गेलं. बाकीच्या सिनेमांचे शेवट मला पाठ होते. कड्यावरून पडणारे खलनायक, लग्नं, कोर्टातले निकाल, सगळे मी त्याच खुर्चीतून पाहिले होते. त्यांना दारं उघडायची ती दिवे लागल्यावर. या एकाच सिनेमाला आई आधी उठायची.

"आई, दार लाव," मी म्हटलं. "मला शेवट बघायचाय."

रिमोट तिच्याच हातात होता. बंद करणं तिला सहज जमलं असतं. पण तिने दार लोटलं, रिमोट माझ्याजवळ ठेवला, आणि स्टूल सोफ्याला खेटवून त्या दुपारी पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसली.

नावाडी सापडला. नदीच्या माथ्यावर कंदील धरून तो उभा होता. त्याने कंदील खाली ठेवला तर नदी काळोखी होणार, आणि मुलांना घरी परतायची वाट दिसणार नाही. म्हणून तो तिथेच राहिला. मुलं होडीत बसली. मुलगी सारखी मागे बघत राहिली, उजेड लहान लहान होत गेला. बदक तिच्या पायाशी अंग चोरून बसलं.

मी आईकडे बघितलं. तिला त्यातली एकही गोष्ट नवी नव्हती.

"तू वाट बघायला लागली असतीस," ती हळूच म्हणाली. "वर बघत बसली असतीस रोज, कुठे कंदील दिसतोय का म्हणून. या पोरांचा बाप दिवा धरून उभा तरी आहे. तुझा नुसताच गेला होता. हा फरक एवढ्याशा पोरीला कसा समजवणार होते मी?"

"म्हणून बदक."

"मग काय. बदकाने निभावलं." तिने कोपराने मला ढोसलं. "लग्न मोडलं त्या दिवशी तू किती हसलीस, आठवतं?"

मला आठवत होतं. तो रस्ताही आठवत होता. दिव्यांचे खांब बंद, आणि माझ्या पावलांपुढे सरकत जाणारा बॅटरीचा गोल. तिची पावलं कायम त्या गोलाच्या बाहेर. मी बाळ सावरत तिच्या खांद्याला टेकले. ती नीट बसली, मला टेकता यावं म्हणून.

भिंगरी ऐकत होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही. आजीच्या मांडीवरची बॅटरी तिने उचलली, बटण दाबलं. उजेड दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थांबला.

"आई," तिने विचारलं, "बॅटरी तर इथेच राहिली. मग तुझे बाबा गेले, तेव्हा त्यांना रस्ता कसा दिसला?"