औषधाचे बारसे

फाल्गुनातली सकाळ. सातपुड्याच्या निळ्या कड्यांवर पळस पेटलेला, तापीच्या पात्रावर धुक्याचा विरळ पदर, आणि दोहोंच्या मधे केळी. हरितवसना, दंवभारल्या, सूर्यस्पर्शाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या केळी. एकच उंची, एकच रंग, एकच डौल. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत एकाच मातेच्या कणाकणांतून वाढवलेली ती सारी रोपे. एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे. सारी बाग म्हणजे एकच केळ होती, हजार वेळा उभी राहिलेली.

या बागेच्या मालकाला, लीलाधर भारंब्याला, एकदा एक वेडा प्रश्न सुचला होता. त्याची थोरली लेक ईश्वरी. तिचे रक्त जन्मापासून पांगळे. महिन्यागणिक परक्याचे रक्त चढवावे, तेव्हा तिच्या गालांवर गुलाल उतरे, आणि दिवसागणिक तो पुन्हा फिका होत जाई. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांपुढे त्याने हात जोडले.

"सायेब, आमच्या केळीसारखी हिचीच दुसरी एक नाही का करता येनार?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हुबेहूब केली तर दुखणंही हुबेहूब येईल. आणि समजा नाही आलं, तरी ती दुसरी मुलगी कुणाची, लीलाधरराव? तिचा जीव तिचा, की हिच्यासाठी राखून ठेवलेला?"

मग त्यांनीच निराळी वाट दाखवली. काही गर्भ प्रयोगशाळेत वाढवायचे. त्यांतला निरोगी आणि ईश्वरीशी जुळणारा निवडायचा. बाळ जन्मले की त्याच्या नाळेतले रक्त थोरलीला द्यायचे. बाळाला सुईसुद्धा टोचावी लागणार नव्हती. लीलाधरला वाट सापडली. त्याच्या बायकोला, ज्योत्स्नेला, मात्र तो प्रश्न सोडीना. ती दुसरी कुणाची?

कार्तिकात धाकटी जन्मली. गोरीपान, काळ्याभोर जावळाची. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि हरखून म्हणाल्या, "औषध आलं व माय घरी!"

शब्द प्रेमाचाच होता, पण तो घरभर झाला. औषध झोपलं. औषध जागं झालं. औषधाला न्हाऊ घाला. बारसे लांबणीवर पडले; थोरली बरी होऊन येईल, तेव्हा दोघींचा सोहळा एकदमच. ज्योत्स्नेने मान डोलावली. तिने बाळाला पाजले, न्हाऊमाखू घातले, काजळ रेखले. पण त्या काजळकाठच्या डोळ्यांत कधी नीट पाहिले नाही. तिला भीती वाटत होती. ते रक्त ईश्वरीच्या अंगात रुजले नाही, तर हिच्यावर आपली माया बसेल का? आईच्या मनात असला प्रश्न यावा? येतो. आईसुद्धा माणूसच असते.

नाळेतले रक्त ईश्वरीला चढवून झाले होते; ते रुजले की नाही, याचा आज निकाल होता. लीलाधर शहरात ईश्वरीच्या खाटेशी बसला होता. सकाळी डॉक्टर सांगणार होते. घरात ज्योत्स्नेचे पाय ठरेनात, म्हणून ती बागेत आली. विहिरीवरच्या निंबाला तिने झोळी बांधली, झोळीशी सासूबाईंना बसवले, आणि विळा घेऊन ती केळीची पिले कापू लागली. केळीच्या बुंध्याशी तिचीच कोवळी पिले फुटतात. थोरलीचा घड भरावा, म्हणून ती कापायची असतात. लग्न होऊन आल्यापासूनचे काम. सप्प, सप्प. हिरव्या कोंभातून पाण्याचा थेंब वर येई, आणि ती पुढे सरके.

एका पिलापाशी तिचा हात थांबला. इवले, गुंडाळलेले, अजून एकही पान न उलगडलेले. विळा टेकला होता, पण तो ओढवेना. तिने तो तिथेच मातीत ठेवला.

"औषध रडू राह्यलं व, ज्योत्स्ना!" निंबाखालून सासूबाईंची हाक आली.

ती धावली. झोळी उघडली. बाळ रडायचे विसरून गेले होते. निंबाच्या पानांतून गळलेला उन्हाचा एक कवडसा त्याच्या छातीवर थरथरत होता, आणि बाळ तो मुठीत धरू पाहत होते. धरी, मूठ उघडी, रिकामी, पुन्हा धरी. ईश्वरी या वयात कवडशाला भिऊन आईच्या कुशीत शिरायची. ही भीत नव्हती. ही हट्टी होती. हिच्या डाव्या भुवईत एक चिमुकला भोवरा होता. तो बापाचा नव्हता, बहिणीचा नव्हता, कुणाचाच नव्हता. मग तिने आईकडे पाहिले आणि बोळक्या तोंडाने ती खुदकन हसली.

ज्योत्स्नेला रडू फुटले. कितीतरी दिवसांचे कोंडलेले, उष्ण, निर्मळ रडू. रडता रडता तिने मनात तो जुना प्रश्न चाचपून पाहिला, तर तो जागेवर नव्हता. ही कुणाची? हिची हीच. रक्त रुजो, न रुजो. हिची हीच, आणि म्हणून माझी. केवढे ओझे उतरले, केवढे!

पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, कानात कुर्र करायला आत्या नव्हती. ज्योत्स्नेनेच बाळाच्या कानाशी ओठ नेले.

"कुर्रर्र... आभा."

सासूबाई बघतच राहिल्या. "हे काय व? अन् ईश्वरी आल्यावर करायचं होतं ना?"

"सासूबाई, तिला आता औषध नका म्हणू."

ज्योत्स्नेने बाळाला झोळीतून उचलून पदराखाली घेतले.

तेवढ्यात फोन वाजला. आभा पदराखाली दूध पीत होती, चुटूचुटू, डोळे मिटून. ज्योत्स्ना हलली नाही. ज्या आवाजाच्या धास्तीने तिला सकाळपासून घास गिळवला नव्हता, तो आवाज वाजत राहिला, आणि तिने लेकीचे पिणे पुरे होऊ दिले. अखेर सासूबाईंनीच फोन कानाला लावला. लीलाधरचा रडवा, हसरा, फुटलेला स्वर झोळीपर्यंत ऐकू आला.

"आई, रुजलं व! ईश्वरीचं सोताचं रक्त तयार होऊ राह्यलं! आपलं औषध लागू पडलं!"

म्हातारीने पदराने डोळे पुसले, नाक ओढले, आणि लेकाला खडसावले.

"औषध नको म्हनू रे तिले. आभा म्हन. बारसं झालं तिचं."

ज्योत्स्ना रडत होती आणि हसत होती. ऊन वर चढले, पानापानांवरून दंव ओघळले, सारी बाग टपटपली. बुंध्याशी ते एक पील तसेच उभे होते. विळा शेजारी निजला होता. आणि पदराबाहेर एक मूठ आली, उघडली, मिटली. कवडसा बोटांवर बसला होता, आणि बसून राहिला.